साष्टीतील नवे पुराण

जुवारी नदीच्या दक्षिणेस पसरलेला साष्टी महाल बारदेशाबरोबर १५४३ साली आदिलशाहाच्या हातून पोर्तुगीजांच्या अंमलाखाली गेला, तेव्हा तेथे केवळ भाताची शेते, माडांच्या राया आणि सारा भरणारी रयत एवढेच नव्हते. गावोगावी गावकरांच्या सभा नांदत होत्या, खाजणांचे बांध राखणे, जमिनी कसावयास देणे, सरकारचा वसूल भरणे आणि ग्रामदैवताचा उत्सव चालविणे ही सर्व कामे त्या सभा पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीने करीत होत्या, आणि दिवेलागणीनंतर देवळात पुराणिक पोथीचे बासन सोडून बसला म्हणजे जातीच्या पायरीप्रमाणे कोणी मंडपात तर कोणी अंगणाच्या कडेला बसून रामाचे किंवा कृष्णाचे आख्यान ऐकत होते. बोलावयाची भाषा कोंकणी आणि पोथीची भाषा मराठी अशी ही वाटणी होती, व तिच्यात कोणाला काही विपरीत वाटत नव्हते. केळशी गावच्या कृष्णदास शामाने श्रीकृष्णाचे चरित्र ओवीबद्ध करावयास घेतले ते १५२६ साली, म्हणजे साष्टी पोर्तुगीजांकडे जाण्यापूर्वी अवघी सतरा वर्षे. पुराण हे मुळात कानांसाठी असते. ज्याला अक्षर ओळखता येत नाही त्याच्याही मालकीचे ते असते, आणि म्हणूनच ते बंद पडले म्हणजे गावातील शहाण्यासुरत्यांपुरती अडचण होऊन भागत नाही, साऱ्या गावाची संध्याकाळ रिकामी होते.

ही बैठक कशी मोडली हे सांगावयास फार विस्तार नको. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशनची न्यायसभा बसली; १५६७ साली रायतूरच्या किल्लेदाराने साष्टीतील देवळांची मोहीमच काढली आणि शेकडो लहानमोठी देवस्थाने जाळून वा पाडून टाकली. काही देव त्याआधी, काही त्या धामधुमीत, रातोरात सरहद्दीपलीकडे गेले. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास, लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास आणि मडगावचा दामोदर जांबावलीस जाऊन राहिला, कारण त्या गावांवर अजून आदिलशाही अंमल होता. देवांमागून कित्येक कुटुंबे गेली. ज्यांना घर, शेत आणि गावकरीतला हक्क सोडवेना ती मागे राहिली, आणि मागे राहण्याची अट हळूहळू एकच उरली. पोरक्या मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती संस्थांत वाढवावे, सरकारी कामे ख्रिस्त्यांनाच द्यावीत, वारसाहक्कात धर्मांतरिताला झुकते माप द्यावे, अशी फर्माने एकामागून एक निघत होती. त्यांच्याच ओघात जुन्या धर्माची पुस्तके बाळगणे हाही गुन्हा झाला.

येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदविण्यासारखी आहे. ज्या पोथ्या रयतेच्या घरातून जप्त होत होत्या त्या सर्वच आगीत पडल्या नाहीत; काही जेझुइट पाद्र्यांच्या मेजावर गेल्या. १५५९ च्या सुमारास दिवाडी बेटावरील एका ब्राह्मणाचे ग्रंथ अशाच रीतीने पाद्र्यांच्या हाती लागले आणि त्यांचा अभ्यास सुरू झाला. पोर्तुगालातील ब्रागा येथील ग्रंथालयात रामायण-महाभारतातील मराठी-कोंकणी आख्याने रोमन लिपीत उतरवून घेतलेली हस्तलिखिते आजही आहेत. खंडन करण्यासाठी वाचावयास घेतलेला ग्रंथ वाचणाऱ्यावर काय परिणाम करील याचा भरवसा कोणत्याही धर्मपीठाला देता येत नाही. साष्टीतील रयतेला जे ऐकण्याची बंदी झाली ते काही परदेशी पंडित दिव्याच्या उजेडात अक्षर अक्षर लावून वाचत बसले होते, आणि त्यांच्यापैकी एकाला त्याची गोडी लागली.

हा गृहस्थ पोर्तुगीज नव्हता. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडातील विल्टशायर परगण्यातला. जन्म १५४९ च्या सुमाराचा. मायदेशी कॅथलिक असणे हाच अपराध होऊन बसल्यामुळे तो रोमला गेला, १५७५ साली जेझुइट संघात दाखल झाला, आणि ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेल्या गलबतातून २४ ऑक्टोबरला गोव्यास उतरला. त्या प्रवासाची हकीकत सांगणारे त्याने बापाला पाठविलेले पत्र पुढे हॅक्लूटने आपल्या संग्रहात छापले, आणि इंग्लंडातील व्यापाऱ्यांच्या हाती पूर्वेकडील जलमार्गाची जी पहिली घरगुती माहिती पडली तीत या पत्राची गणना होते. इंग्रजांच्या राज्याचा पाया घालण्याचा इरादा या संन्याशाच्या मनात स्वप्नातही नसावा. पण १५८३ च्या अखेरीस न्यूबेरी, फिच हे इंग्रज व्यापारी आणि त्यांचे सोबती हेर म्हणून गोव्याच्या कैदेत पडले तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी खटपट करणाऱ्यांत हा देशबंधू होता, आणि पुढे त्याच फिचच्या वृत्तांताने लंडनच्या सावकारांची भूक वाढविली. स्वतः स्टीफन्स मात्र त्यानंतर युरोपास परत गेला नाही. १६१९ साली त्याला मृत्यू आला तो गोव्यातच, आणि मधल्या चाळीस वर्षांतील बहुतेक वर्षे त्याने साष्टीत घालविली.

या साष्टीत त्याने जे आरंभी पाहिले ते भीषण होते. जुलै १५८३ मध्ये पाच जेझुइट कुंकळ्ळी गावात इगर्जीसाठी, म्हणजे चर्चसाठी, जागा पाहावयास गेले. त्यांचा मुख्य रुदोल्फ आक्वाविवा हा नुकताच फत्तेपूर शिक्रीहून, अकबराच्या दरबारात तीन वर्षे धर्मचर्चा करून परतला होता. जेथे बादशहा मुल्लांना, जैन साधूंना आणि पाद्र्यांना एका दालनात बसवून वाद ऐकत असे तेथून निघालेला हा माणूस, ज्या गावाची देवळे दोनदा पाडली गेली होती त्या गावाच्या माळावर येऊन उभा राहिला. गावकऱ्यांनी त्या पाचांना आणि त्यांच्याबरोबरच्या काही स्थानिक ख्रिस्त्यांना ठार केले आणि प्रेते विहिरीत टाकली. ती मिळवून त्यांचे दफन करण्याच्या कामी जे पुढे झाले त्यांत स्टीफन्स होता. नंतर सरकारने सूड घेतला. बोलणी करावयाची म्हणून गावच्या सोळा पुढाऱ्यांना असोळण्याच्या कोटात बोलावून घेतले आणि तेथे त्यांचा वध केला. सोळांपैकी एकटा नदीत उडी टाकून निसटला, असे गावात सांगतात. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्यास गेली. वर्षातून एकदा बारा वांगडांच्या, म्हणजे कुळांच्या, छत्र्या नाचवीत तिला वाजतगाजत मिरवितात, तो उत्सव गुलालाने न्हाऊन निघतो. मारल्या गेलेल्या पाच जेझुइटांना १८९३ साली रोमने धन्य पदवी दिली. एका गावाच्या दोन आठवणी अशा दोन दप्तरांत वेगवेगळ्या लागलेल्या आहेत.

त्याच वर्षी ऑक्टोबरात स्टीफन्सने पॅरिसमधील आपल्या भावाला पत्र लिहिले. त्यात कुंकळ्ळीची हकीकत आहेच. पण त्याच पत्रात माडाचे वर्णनही आहे, या एका झाडापासून तेल, ताडी, साखर, दोर आणि झोपडीचे शाकार कसे निघते याचे कौतुक आहे, आणि या देशाच्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनशी जुळते असे एक निरीक्षण जाता जाता नोंदविले आहे, जे विल्यम जोन्सच्या सुप्रसिद्ध व्याख्यानापूर्वी दोनशे वर्षे केलेले असल्यामुळे भाषाशास्त्रज्ञ आज आवर्जून उल्लेखितात. चार वर्षांपूर्वी आलेला, सहकाऱ्यांची प्रेते नुकतीच मातीआड केलेला हा परका मनुष्य शोकाच्या पत्रात क्रियापदांची चालणूक न्याहाळतो, हे मला त्याच्या स्वभावाचे खरे चिन्ह वाटते.

पुढची तीस वर्षे तो काय करीत होता ते ‘ख्रिस्तपुराण’ या ग्रंथावरून दिसते. ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा छत्तीस अवस्वरांत, म्हणजे अध्यायांत, सांगितली आहे, दुसऱ्या पुराणात ख्रिस्तचरित्र एकोणसाठ अवस्वरांत. आणि एकंदर ओव्या जवळजवळ अकरा हजार, म्हणजे ज्ञानेश्वरीहून किती तरी अधिक. पण ग्रंथाच्या आकारापेक्षा त्याचा उपक्रम मला अधिक लक्षणीय वाटतो. पहिल्याच अवस्वरात साष्टीतील एका रविवारचे दृश्य आहे. मुलांना दोतोर्न, म्हणजे ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरे, शिकविली जात आहेत. तेवढ्यात नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पुढे येतो आणि पाद्रीगुरूंना विचारतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: तुम्ही शिकविता ते उत्तम आहे, परंतु ते पाठ करावयाचे आहे, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी ज्यात आमचा वेळ जाईल आणि मन रमेल असे एखादे नवे पुराण तुम्ही आम्हाला का देत नाही? गुरूंना हे पटते आणि कथेला आरंभ होतो.

हा ब्राह्मण प्रत्यक्ष घडला की कवीने घडविला, यावर वाद घालणे व्यर्थ आहे. पुराणाला प्रश्न करणारा श्रोता लागतोच. परीक्षिताने विचारल्यावाचून शुकाचार्यांचे तोंड उघडत नाही आणि जनमेजय नसता तर वैशंपायनाला भारत सांगण्याचे प्रयोजनच उरले नसते. स्टीफन्सने परीक्षिताच्या आसनावर साष्टीतला एक बाटलेला ब्राह्मण बसविला. संप्रदाय त्याला इतका अंगवळणी पडला होता. पण त्या संप्रदायाच्या चौकटीत त्याने जी तक्रार घातली ती चौकटीत मावणारी नव्हती. बंदी कोणी केली हे त्या प्रश्नात स्पष्ट आहे. रिकामी झालेली संध्याकाळ कोणामुळे रिकामी झाली हेही स्पष्ट आहे. आणि हा सर्व मजकूर इन्क्विझिशनच्या परवान्यानिशी छापला गेला. परवाना देणाऱ्यांनी या ओव्या समजून वाचल्या असतील तर त्यांच्या उदारपणाचे नवल, आणि समजल्या नसतील तर ते नेहमीचेच.

ओवी ही मराठीत कोणालाही वळते असा समज आहे आणि तो खोटा आहे. तीन चरणांची यमके जुळवून चौथा आखूड चरण मोकळा सोडावयाचा, आणि त्या मोकळ्या चरणावर अर्थाने असे थांबावे की श्रोत्याची मान हलावी व पुढल्या ओवीची वाट पाहत तो सावरून बसावा, ही लय गळ्यात मुरल्याशिवाय साधत नाही. स्टीफन्सला ती साधली. त्याच्या काळी मराठी ओवी ऐन भरात होती: कुंकळ्ळीच्या प्रकरणानंतर दुसऱ्याच वर्षी, १५८४ मध्ये, एकनाथांनी पैठणास ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. एकनाथांचे ग्रंथ या इंग्रजाच्या हाती पडले होते की नाही हे अभ्यासकांनी ठरवावे. परंतु दृष्टान्तांची माळ ओवणे, श्रोत्यांना मध्येच हाक मारणे, आख्यान रंगत असता थांबून तत्त्वबोध करणे, या सर्व लकबी त्याच घराण्यातल्या आहेत. मराठीच्या थोरवीविषयी त्याने लिहिलेल्या ओव्या शाळेच्या पुस्तकांतून इतक्या फिरल्या आहेत की पुष्कळांची समजूत त्याने तेवढेच लिहिले अशी आहे. खरे पाहता त्या चारसहा ओव्यांपेक्षा स्वर्गाला वैकुंठ म्हणून सहज पुढे जाणारा, आणि जुन्या करारातील मूर्तिपूजेचा निषेध सांगतानाही पुराणिकाचाच सूर न सोडणारा कथनकार अधिक मोठा आहे.

छपाईची कथा वेगळीच. गोव्यात छापखाना १५५६ सालीच आला होता, परंतु त्यातील खिळे रोमन लिपीचे. स्टीफन्सला ग्रंथ देशी अक्षरांत छापला जावा असे फार वाटे. १६०८ साली रोममधील आपल्या संघप्रमुखांना लिहिलेल्या पत्रात त्याने ही मागणी स्पष्ट मांडली आणि अडचणही सांगितली: युरोपातील दोन डझन अक्षरांच्या जागी येथे प्रत्येक जोडणीला वेगळा ठसा लागतो, म्हणून ठशांची संख्या सहाशेंच्या घरात जाते. मलबारात स्थानिक लिपीची पुस्तके निघत असता येथेच का निघू नयेत, हा त्याचा प्रश्न होता. उत्तर प्रतिकूलच झाले असले पाहिजे, कारण १६१६ साली रायतूर येथे पुराण छापून निघाले ते रोमन लिपीत. मराठी ओवीचा ट आणि त, ण आणि न हा सारा भेद पोर्तुगीज वर्णमालेत ओढूनताणून बसवावा लागला. त्याने एक विलक्षण गोष्ट झाली: इगर्जीच्या शाळेत रोमन अक्षरे शिकलेल्या मुलाला पुराण वाचता येऊ लागले आणि नदीपलीकडच्या त्याच्या चुलत्याला, ज्याने मोडी आणि बालबोध दोन्ही गिरविली होती, त्याला मात्र ते पान म्हणजे किड्यामुंग्यांची रांग. भाषा एक राहिली आणि वाचणारे दुभंगले.

स्टीफन्सविषयी लिहिणारे बहुधा दोन टोकांना जातात. एक पक्ष त्याला मराठीचा संत करून ठेवतो व देवळे पाडणाऱ्या सत्तेशी त्याचा काही संबंधच नव्हता असे भासवितो. दुसरा पक्ष म्हणतो, पुराणाचा वेष हे निव्वळ गळाला लावलेले आमिष. पहिला पक्ष त्याच्या भाषेवर भुलतो, दुसरा तिची किंमतच करीत नाही. त्याचा समकालीन रोबेर्तो द नोबिली १६०६ साली मदुरेस गेला आणि भगवी वस्त्रे नेसून, तमिळ व संस्कृत शिकून ब्राह्मणांशी वाद घालीत राहिला. परंतु मदुरे नायकांच्या राज्यात होते, तेथे नोबिलीच्या पाठीशी शिपाई नव्हता आणि त्याचे न पटल्यास ऐकणारा उठून जाऊ शकत होता. साष्टीतील श्रोत्याला उठून जावयाचे तर नदी ओलांडून, जमीन सोडून जावे लागे. हा फरक कोणत्याही काव्यगुणाने पुसता येत नाही, आणि तो स्टीफन्सला ठाऊक नव्हता असे मानणे म्हणजे कुंकळ्ळीच्या विहिरीवर उभ्या असलेल्या माणसाला मूर्ख ठरविणे होय. माझे मत असे की, सत्तेने जे हिरावले त्याची भरपाई आपल्या परीने करावी, आणि तीही ज्यांचे हिरावले गेले त्यांच्याच रीतीने करावी, इतकी लाज या एका माणसाला होती. आणि स्वतःचा धर्म सत्य आहे याविषयी त्याला तिळमात्र शंका नव्हती, म्हणून त्या लाजेचे रूपांतर विरोधात न होता अकरा हजार ओव्यांत झाले.

श्रोत्यांनी ती भरपाई स्वीकारली. १६४९ आणि १६५४ साली पुन्हा आवृत्त्या निघाल्या. इगर्जींतून आणि घराघरांतून पुराण गाइले जाऊ लागले. त्याच्या वळणावर एत्येन द ला क्रवा या फ्रेंच जेझुइटाने संत पीटरवर पुराण रचले. नव्या गळ्यात जुनी लय पुन्हा रुळली आणि हेच पुढच्या कारभाऱ्यांना खुपले. संभाजीराजांच्या १६८३ च्या स्वारीने साष्टी-बारदेश हादरून गेल्यावर दुसऱ्याच वर्षी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने फर्मान काढले की रयतेने तीन वर्षांच्या आत देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. असे हुकूम कागदावरच राहतात, पण त्यांनी शाळा आणि छापखाना यांची दिशा ठरते. १६५४ नंतर अडीचशे वर्षे पुराणाची आवृत्ती निघाली नाही. १७३६ साली इन्क्विझिशनने ख्रिस्ती रयतेच्या घरातील हिंदू चालीरीतींची जी लांबलचक निषेधयादी प्रसिद्ध केली तीत लग्नकार्यातील विडे, हळद, तुळस यांच्याबरोबर ओव्या गाण्यालाही मज्जाव झाला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ज्या छंदात येशूचे चरित्र परवान्यानिशी छापले होते तोच छंद आता संशयित ठरला. १७५९ साली जेझुइटांनाच पोर्तुगीज मुलखातून हाकलून देण्यात आले.

पुराण टिकले ते गोव्याबाहेर. साष्टी-बारदेशातून दुष्काळ, करभार, स्वाऱ्या आणि इन्क्विझिशन यांना कंटाळून जी ख्रिस्ती कुटुंबे दक्षिणेस कानडा मुलखात उतरली त्यांनी आपल्या बोचक्यांत त्याच्या प्रती नेल्या आणि फाटल्या तेव्हा हाताने उतरवून काढल्या. टिपू सुलतानाने १७८४ मध्ये मंगळूरकडील ख्रिस्त्यांना श्रीरंगपट्टणास बंदिवान करून नेले, तेव्हा पाद्री नसलेल्या त्या समाजाला हे पुराणच आधार झाले, असे त्यांचे वंशज सांगतात. ते खरे असल्यास नवल नाही. ज्याला पूजेला देऊळ लागत नाही आणि सांगावयाला धर्मगुरू लागत नाही असे धर्मसाहित्य म्हणजे पुराणच. जोसेफ साल्डान्हा यांनी १९०७ साली मंगळुरास नवी आवृत्ती काढली ती अशाच हस्तलिखितांवरून, आणि रोमन लिपीतच; कारण १६१६, १६४९, १६५४ या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आजवर हाती आलेली नाही.

देवनागरी प्रत सापडली ती लंडनात, मार्सडेनच्या हस्तलिखितसंग्रहात, आणि ती ओळखली अमेरिकन मराठी मिशनच्या जस्टिन अॅबट यांनी. तुकाराम-महिपतींना इंग्रजीत नेणाऱ्या या प्रॉटेस्टंट मिशनऱ्याने कॅथलिक जेझुइटाचे पुराण १९२५ च्या सुमारास उजेडात आणावे, यात दोन्ही पंथांच्या जुन्या वैराचा थोडा उपहास आहे. पुण्यास १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत संपादित आवृत्ती काढली तेव्हा सहाशे ठशांची अडचण उरली नव्हती. मार्सडेन प्रतीची भाषा अधिक संस्कृतप्रचुर आहे, मंगळुरी प्रतींत पोर्तुगीज धर्मशब्द आणि कोंकणी रूपे ठिकठिकाणी आढळतात, आणि मूळ कोणते यावर पंडितांचा कज्जा चालू आहे. मला त्या कज्ज्याचा निकाल दोघांच्याही बाजूने लागावासा वाटतो. बालबोध लिपी वाचणाऱ्या, पुराणिकाच्या घरच्या श्रोत्याने ते आपल्या कानाला रुचेल तसे लिहून घेतले असेल, इगर्जीतल्या मंडळीने रोजच्या बोलण्यातले शब्द तसेच ठेवले असतील; आणि ऐकणाऱ्यांप्रमाणे पाठ बदलत जाणे हे तर प्रत्येक पुराणाच्या बाबतीत होतच आले आहे.